दिओनिसियाने वाचलेला आकडा

मी एका मिनिबसमधला वेगाचा काटा बोलतोय. काटा म्हणजे नुसती सुई नव्हे. सुई, तिच्यामागची काळी तबकडी, त्यावरचे पांढरे आकडे आणि वरची काच, हे सगळं मिळून मी. तुम्ही मला स्पीडोमीटर म्हणत असाल. आमच्या कोचाबाम्बा शहराच्या वाटेवर मला नुसतं 'घड्याळ' म्हणतात, आणि भिंतीवरच्या बंद घड्याळाला जेवढा मान असतो तेवढाच मला देतात.

माझ्या आकड्यावर जीव ठेवून बसलेलं माणूस मला आयुष्यात एकच भेटलं. तिचं नाव दिओनिसिया. आज तोंड उघडलंय ते तिच्यासाठी. नाहीतर एका काट्याचं आयुष्य ते काय, आणि त्यात सांगण्यासारखं ते काय असणार?

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. तिथे चालक उजवीकडे बसतो, तुमच्याकडे बसतो तसाच. मलाही उजवीकडे, चालकाच्या नाकासमोर बसवलं. पहिला मालक मासे पोचवणारा एक म्हातारा होता. तो इतका सावकाश चालवायचा की साठच्या पुढे काय असतं हे माझी सुई विसरूनच गेली. तरी घडीघडी माझ्याकडे बघायचा. सगळेच चालक असे असतात असं मला वाटायचं. पुढे म्हातारा थकला, गाडी विकली गेली आणि आम्ही जहाजात चढलो.

समुद्र झाला, वाळवंटाच्या काठावरचं बंदर झालं, मग डोंगर चढून गाडी साकाबा गावात फुल्हेन्सियो रोकाबादोच्या गॅरेजात येऊन उभी राहिली. इकडे सगळा उलटा कारभार. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून धावतात आणि चालक डावीकडे बसतो. त्यामुळे परदेशातून आलेल्या अशा प्रत्येक गाडीचं स्टिअरिंग उपटून डावीकडे बसवावं लागतं. फुल्हेन्सियोचा त्यात हातखंडा होता. त्याने स्टिअरिंग हलवलं, ब्रेक हलवला, क्लच हलवला. मला मात्र हात लावला नाही. माझी केबल तिकडे पोचत नव्हती, आणि माझ्यासाठी डॅशबोर्ड कापत बसायची त्याची तयारी नव्हती.

गाडी घेणारा निकानोर वेइसागा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवून त्याने ही पहिली स्वतःची गाडी घेतली होती. तो डावीकडे बसला, स्टिअरिंगवरून हात फिरवला आणि मान लांब करून माझ्याकडे बघायला लागला.

"आणि घड्याळं?" त्याने विचारलं.

"घड्याळं राहू देत तिकडेच. सगळ्यांची तिकडेच असतात."

"मग मला वेग कसा कळायचा?"

"आजवर कुठे कळत होता तुला?" फुल्हेन्सियो म्हणाला. "बायकोला बसव शेजारी. नाहीतरी 'हळू चालव, हळू चालव' करून डोकं खातातच ना आपलं. हिच्यासमोर निदान आकडा तरी असेल."

दोघं पोट धरून हसले. दिओनिसिया दारात उभी होती, ती नाही हसली. वर डोंगरातल्या कोलोमी गावाहून खाली उतरणाऱ्या घाटात, बटाट्याचा ट्रक घेऊन येताना तिचा बाप गेला होता, आणि निकानोरला गाडी चालवायची होती ती त्याच घाटात. ती आत आली, दार उघडून माझ्यासमोरच्या सीटवर बसली आणि माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"मी बसेन," ती म्हणाली. "घाट उतरताना रोज बसेन. मी आकडा सांगायचा आणि तू ऐकायचं. कबूल असेल तर गाडी घे, नाहीतर ह्याला परत कर."

"अगं, तो गंमत करतोय."

"मी नाही करत."

निकानोरने टोपी काढून डोकं खाजवलं आणि कबूल म्हणाला. अशी मला माणसं मिळाली. तिला दुसरं काही नको होतं. हा माणूस रोज घाट उतरून जिवंत घरी यावा, एवढंच तिचं मागणं होतं, आणि ते मागणं तिने माझ्या भरवशावर टाकलं होतं.

आमचं रोजचं जाणं-येणं सुरू झालं. सकाळी कोलोमीच्या बाजारातून बटाट्याची पोती टपावर चढायची, पांढऱ्या टोप्यांच्या बायका आत दाटीवाटीने बसायच्या, कुणाच्या मांडीवर कोंबडी, कुणाच्या पाठीवर मूल. निकानोर झोप येऊ नये म्हणून गालात कोकाची पानं धरायचा, दिओनिसिया माझ्यासमोर बसायची आणि उतार सुरू झाला की तिचा आवाज सुरू व्हायचा.

"पस्तीस. अडतीस. बेचाळीस, म्हाताऱ्या, बेचाळीस."

"ऐकलं गं म्हातारे."

"ऐकलंस तर पाय उचल."

म्हातारा-म्हातारी हे लाडाचं हं, दोघांनीही चाळिशी नुकतीच ओलांडली होती. वळणांवर चाळीसच्या वर जायचं नाही असं त्यांचं ठरलेलं. सरळ रस्ता आला की ती पन्नासपर्यंत सूट द्यायची, आणि ती सूटही अशा आवाजात द्यायची की जणू घरातलं शेवटचं चीज काढून देतेय. प्रवाशांनी तिचं नाव रेडिओ ठेवलं होतं. मागून एखादी आजी ओरडायची, "ए रेडिओ, बातम्या काय?" आणि ही मागे न बघता सांगायची, "अडतीस, आजी. झोपा निवांत."

दिओनिसिया शाळेत गेली नव्हती. अक्षरं तिला येत नव्हती, पण बाजारात वाढलेल्या बाईला आकडे वेगळे शिकवावे लागत नाहीत. सुई दोन आकड्यांच्या मधे असली तरी ती अचूक सांगायची. मी मनात म्हणायचो सदतीस, आणि ती मोठ्याने म्हणायची सदतीस. त्या म्हाताऱ्या जपान्याने मला इतकं बघितलं, पण माझा आकडा कधी कुणाला मोठ्याने ऐकवला नव्हता. हिच्या तोंडून स्वतःला ऐकताना मला फार बरं वाटायचं.

बाकीच्या गाड्यांतल्या माझ्या भावंडांची दैना मी बघत होतो. कुणाची केबल तुटून वर्षं लोटली तरी कुणी बदलत नव्हतं. कुणाच्या काचेवर संतांची चित्रं चिकटवलेली. माझ्या शेजारचा पेट्रोलचा काटा तर कधीच अर्ध्यावर मरून पडला होता, निकानोर टाकीत काठी बुडवून पेट्रोल बघायचा. इंजिन तापल्याचा लाल दिवा एकदा लागला तो विझेना, तेव्हा त्याने त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि दिवा गेला असं समजून चालला. माणसांचं हे मला कधी उमगलं नाही. सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं की दुखणं बरं होतं, असं त्यांना का वाटतं कुणास ठाऊक.

पण मला त्यांनी जपलं. दिओनिसिया रोज सकाळी ओढणीच्या टोकाने माझी काच पुसायची.

मग कार्निव्हल आला. कार्निव्हलच्या मंगळवारी आमच्याकडे घरांना, शेतांना, गाड्यांना पाजायची रीत आहे. पाचामामा म्हणजे धरणीमाय. आधी तिला चिचाचा घोट द्यायचा, मग तिच्यावर चालणाऱ्या वस्तूंना, म्हणजे वर्षभर ती कुणाला गिळत नाही. चिचा म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, गोडसर आणि चिकट. गाडीला एक धर्मबापही लागतो. निकानोरने हा मान फुल्हेन्सियोला दिला. त्या दिवसापासून ते नुसते दोस्त राहिले नाहीत, 'कोम्पाद्रे' म्हणजे मानलेले भाऊ झाले, दिओनिसिया त्याची 'कोमाद्रे' झाली, आणि तो तिला अहोजाहो करायला लागला.

गाडी फुलांनी मढवली. रंगीत कागदाच्या फिती आरशापासून टपापर्यंत लोंबत होत्या. फुल्हेन्सियोने भोपळ्याच्या वाटीतून पहिला घोट जमिनीवर ओतला, मग चारी चाकांवर, मग इंजिनवर. प्रत्येक वाटीमागे एक वाटी स्वतःच्या घशात. मग तो दार उघडून आत वाकला आणि माझ्याकडे बघून थबकला.

"कोमाद्रे," तो म्हणाला, "घाटात माझ्या कोम्पाद्रेला सांभाळतं कोण? चाकं? इंजिन? हा काटा सांभाळतो आणि तुम्ही सांभाळता. मग ह्यालाच उपाशी ठेवायचं होय?"

"त्याला नको हो, कोम्पाद्रे," दिओनिसिया हसत म्हणाली. "तो नोकरीवर असताना पीत नाही."

"आज सुट्टी आहे त्याला." आणि त्याने अख्खी वाटी डॅशबोर्डवर माझ्या डोक्यावरून ओतली. टाळ्या पडल्या. बाहेर फटाक्यांची माळ लागली. दिओनिसियाने काच पुसली, बाजूचे ओघळ पुसले, पण वरच्या फटीतून जे आत गेलं ते तिला कुठून दिसणार?

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. आजवर मला कुणी जेवायला घातलं नव्हतं. ह्या माणसाने मला घरातला एक समजून माझ्या वाट्याचं माझ्यावर ओतलं होतं, आणि ते निकानोरच्या जिवासाठी ओतलं होतं. त्या रात्री चिचा माझ्या सुईच्या मुळाशी हळूहळू वाळत होती आणि मी तृप्त होतो.

त्रास पुढे जाणवायला लागला. दुपारच्या उन्हात डॅशबोर्ड तापला की तो वाळलेला गोडवा मऊ व्हायचा आणि मी पूर्वीसारखा धावायचो. पण सकाळच्या गारठ्यात तो घट्ट व्हायचा. आतलं चुंबक मला पुढे ओढायचं आणि चिचा मुळाशी धरून ठेवायची. मी उशिरा उठायचो, मधेच अडायचो.

दिओनिसियाच्या लक्षात आलं. तिच्या नाही तर कुणाच्या येणार?

"निको, सकाळचा हा काटा आळशी झालाय."

"थंडीत मीही असतो."

"चेष्टा करू नको. दाखवून घे."

त्याने दाखवलं. पण गॅरेजात गाडी पोचली ती भर दुपारी. फुल्हेन्सियोने काचेवर दोनदा टिचकी मारली, गाडीत बसून समोरच्या रस्त्यावर एक चक्कर मारून आला. मी तापलेलो होतो, लख्ख चाललो. थांबायला हवं होतं तेव्हा अडून दाखवणं माझ्या हातात असतं तर मी जागचा हललो नसतो. पण काटा तो, चुंबक ओढेल तिकडे जाणार.

"ठणठणीत आहे," फुल्हेन्सियो म्हणाला. "उघडायची काही गरज नाही. कोमाद्रे, तुम्ही एकदा डोळे तपासून घ्या. ह्या वयात होतं असं."

दिओनिसियाने डोळे चोळले. माझ्याकडे बघितलं, मग लांबच्या पाटीकडे बघितलं. तिने आजवर स्वतःच्या नजरेवर कधी शंका घेतली नव्हती. तिथे ती पहिल्यांदा घेतली, हे मी समोरून बघितलं आणि मला काही करता आलं नाही.

त्यानंतरच्या एका सकाळी कोलोमीत धुकं होतं. धुकं तिथे नेहमीचंच, पण त्या दिवशी टोपीची कड आणि धुकं वेगळं दिसत नव्हतं. गाडी भरली, पोती चढली, आणि आम्ही निघालो. धुक्यात माणसाला वेग कळत नाही. एरवी झाडं मागे पळताना दिसतात, दगड दिसतात, त्यावरून अंदाज येतो. इथे काचेपलीकडे सगळं पांढरं. निकानोरपाशी फक्त इंजिनचा आवाज होता आणि बायकोचा.

"पस्तीस," दिओनिसिया म्हणाली. "अडतीस. चाळीस."

चाळीसपाशी मी अडलो. मागे पोत्यांचं वजन, पुढे उतार, गाडी वेग घेत होती. चुंबक मला ओढत होतं, मी जिवाच्या आकांताने पुढे सरकायला बघत होतो, पण मुळाशी ती चिचा दगड होऊन बसली होती.

"चाळीस," ती म्हणाली. मग पुन्हा, "चाळीस."

"जास्त वाटतंय गं."

"चाळीसच आहे." ती पुढे वाकली. तिचं नाक माझ्या काचेला टेकायच्या बेतात होतं, तिचा श्वास काचेवर उमटला आणि तिने तो पुसला. "चाळीस, निको. की तुलाही माझे डोळे खराब वाटतात?"

"तुझ्या डोळ्यांवर नाही तर कुणाच्या डोळ्यांवर चालवू?" तो म्हणाला, आणि ब्रेककडे गेलेला पाय त्याने परत घेतला.

हे त्याचं शेवटचं बोलणं. धुक्यातून वळण अंगावर आलं. एवढ्या वेगात ते घेता येण्यासारखं नव्हतं. गाडी रस्ता ओलांडून डावीकडच्या कड्यावर आदळली. डावीकडे तो बसला होता. मागच्या माणसांना खरचटलं, कुणाची हाडं मोडली, दिओनिसियाचा हात मोडला. निकानोरला ओरडायलाही वेळ मिळाला नाही. दिओनिसिया मोडक्या हाताने त्याला हलवत राहिली आणि म्हणत राहिली, "चाळीस होता रे. चाळीस होता."

धक्क्याने माझी काच तडकली आणि सुई सुटून शून्यावर पडली. थोड्या वेळाने एक पोलिस खिडकीतून आत डोकावला. त्याला शून्यावर पडलेला एक काटा दिसला. तो आणखी काय समजणार?

गाडीचा सांगाडा फुल्हेन्सियोच्या अंगणात आणून टाकला. काही दिवसांनी दिओनिसिया आली. अंगावर काळं, हात गळ्यात बांधलेला. सोबत निकानोरची थोरली बहीण प्रिमितिवा होती. निकानोरचं जाकीट आणि आरशाला टांगलेली मरियामातेची तसबीर घ्यायला दोघी आल्या होत्या.

"तूच सांगत होतीस ना त्याला?" प्रिमितिवाने अंगणातच विचारलं. घरात पाहुण्यांसमोर तिने स्वतःला आवरलं असावं.

"हो."

"शेवटी काय सांगितलंस?"

"चाळीस."

"चाळीसवर गाडीचा असा चुरा होतो? बघ की जरा त्याच्याकडे." तिने दाराच्या चेपलेल्या पत्र्यावर हात ठेवला. "शाळेचं तोंड न बघितलेल्या बाईच्या भरवशावर माझा भाऊ घाट उतरत होता. चार आणि सहा वेगळे दिसतात तरी का गं तुला, वहिनी?"

दिओनिसिया वळसा घालून माझ्या खिडकीशी आली. माझ्याकडे इतक्या जवळून बघत राहिली की मला तिच्या डोळ्यांत माझी तडकलेली काच दिसली.

"कोम्पाद्रे," तिने विचारलं, "हा काटा बरा होता ना?"

फुल्हेन्सियो एक नट घासत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "बरा होता, कोमाद्रे. तुमच्यासमोरच तर बघितला मी."

"हो. बघितलात."

"धुकं होतं. माणूस आहे, चुकतं एखाद वेळी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मग मीच चुकीचं वाचलं," ती म्हणाली. कुणाला सांगावं तसं नाही, हिशेब मिटवावा तसं. मग तिने जाकीट घेतलं, तसबीर घेतली आणि प्रिमितिवाच्या मागोमाग निघून गेली.

त्या दिवशी फुल्हेन्सियो खोटं बोलला नव्हता, हे मला सांगायलाच हवं. त्याला खरोखर तसं वाटत होतं. पुढचं घडलं ते नंतर. दुसऱ्या एका गाडीला वेगाचा काटा हवा होता, म्हणून त्याने मला बाहेर काढलं, टेबलावर ठेवलं, काच उतरवली आणि सुई उचलून बघितली. तिच्या मुळाशी तपकिरी खपली होती. त्याने ती नखाने खरवडली, नाकाशी नेली, मग जिभेला लावली.

तो पत्र्याच्या डब्यावर बसला. "माझी वाटी," तो म्हणाला. मग तोंडावर हात धरून रडायला लागला. मोठा धिप्पाड माणूस, त्याचे खांदे हलत होते. तो वाईट नव्हता हो. निकानोरवर त्याचं सख्ख्या भावासारखं प्रेम होतं, आणि त्या प्रेमातच त्याने ती वाटी ओतली होती.

मग त्याने टोपी घातली. मला कापडात गुंडाळलं, काखेत धरलं आणि फाटकापर्यंत गेला. मला कळलं, आपण दिओनिसियाकडे निघालो. मी इतका हरखलो की काय सांगू. आता तो मला तिच्यासमोर ठेवणार, ती खपली दाखवणार आणि म्हणणार, कोमाद्रे, तुम्ही बरोबर वाचलं होतं. फाटकाच्या कडीवर त्याचा हात होता. बाहेरून कुणीतरी जाताना म्हणालं, "काय उस्ताद, कुठे निघालात?"

"कुठे नाही," फुल्हेन्सियो म्हणाला.

तो परत आला. मला टेबलावर ठेवलं. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसायला लागला. मी ओरडलो. थांब, म्हटलं, तिच्याजवळ एवढा एकच पुरावा आहे, तो पुसू नको. पण काट्याचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? त्याने मुळापासून टोकापर्यंत मला स्वच्छ केलं, तेलाचा एक थेंब सोडला, नवी काच बसवली. मी इतका निरोगी जपानहून निघतानाही नव्हतो.

आता मी दुसऱ्या मिनिबसमध्ये आहे. रस्ता तोच, कोलोमी ते कोचाबाम्बा. ह्या गाडीचं स्टिअरिंगही हलवलेलं आणि मी पुन्हा उजवीकडेच. थंडीत, उन्हात, धुक्यात मी अगदी खरा आकडा दाखवतो, आणि तो कुणी वाचत नाही. चालक गाणी लावून आपल्या अंदाजाने उतरतो. माझ्यासमोर बसणारे माझ्यावर पिशवी अडकवतात, नाहीतर झोपतात. एखाद्या सकाळी सुई साठच्या पुढे जाते तेव्हा मला वाटतं, कुणीतरी मोठ्याने म्हणावं, म्हाताऱ्या, पाय उचल.

फुल्हेन्सियो दर महिन्याला दिओनिसियाकडे तांदळाची गोणी पाठवतो, हे मी प्रवाशांच्या बोलण्यात ऐकलं. ती म्हणे सगळ्यांना सांगते, कोम्पाद्रे म्हणजे देवमाणूस, माझ्या हातून एवढं झालं तरी त्याने मला एका शब्दाने दुखवलं नाही. हे ऐकलं त्या दिवशी घाट उतरून होईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही.

आणि मी तिला बघतो. रोज बघतो. कोलोमीच्या बाजारात रस्त्याला लागूनच ती बटाटे विकायला बसते. आमची गाडी तिच्यासमोरच प्रवासी घ्यायला थांबते. ती ह्या गाडीकडे मान वळवत नाही, कुठल्याच गाडीकडे वळवत नाही. तिच्यापुढे बांबूच्या तिकाटण्याला एक तराजू लटकतो, गोल तबकडीचा, काट्याचा. गिऱ्हाईक येतं, ती बटाटे टाकते, काटा फिरून थांबतो. ती मान खाली घालते.

"किती झाले, बाई?" गिऱ्हाईक विचारतं.

"तुम्हीच बघा," ती म्हणते. "तुम्ही सांगाल ते. मला वाचता येत नाही."

कुणी बरोबर सांगतं. कुणी कमी सांगतं आणि बटाटे घेऊन निघून जातं. ती एका शब्दाने अडवत नाही. सदतीस म्हणजे सदतीस सांगणारी बाई ती. तिला फसवलेलं मी काचेतून बघतो आणि गाडी सुटते.

माझं ऐकणाऱ्या बाबांनो, बायांनो, मी काही फार मागत नाही. तुमच्या गाडीतल्या काट्यांकडे बघत जा, अडलेला वाटला तर उघडून बघायला लावा, दिव्यावर पट्टी चिकटवू नका, हे तर सांगायलाच हवं म्हणून सांगतो. पण त्याहून एक मोठं मागणं आहे. कधी कोलोमीवरून जाणं झालं तर बाजाराशी उतरा. काळ्या कपड्यांतल्या त्या बाईकडे बटाटे मागा. ती म्हणेल, तुम्हीच वाचा. वाचू नका. म्हणा, माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, बाई, तुम्हीच सांगा. ती टाळेल, तरी हटू नका, पाठीमागे गाडी खोळंबली तर खोळंबू द्या. शेवटी ती हळूच मान वर करेल आणि एक आकडा सांगेल. तेव्हा तबकडीकडे बघा आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तिला सांगा, की बरोबर आहे.